येळ्ळूरचा ळ, तानसेनचा श

परदेशी शिबिरात इंग्रजी शिकवायला जायच्या अर्जात राष्ट्रीयत्वाचा रकाना होता. त्यावर बोट ठेवलं की खाली यादी उघडायची : अमेरिका, इंग्लंड, आयर्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका. सात नावं. ‘इतर’ असा पर्यायसुद्धा नव्हता. मी ती यादी दोनदा वर-खाली केली आणि मोबाईल पालथा ठेवून आईजवळ चुलीपाशी जाऊन बसले.

ही जानेवारी २०२४ ची गोष्ट. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. येळ्ळूरहून रोज बसनं बेळगावला कॉलेजात जायचं आणि संध्याकाळी गावातल्या पाचवी ते आठवीच्या पोरांना देवळाच्या ओसरीवर इंग्रजी शिकवायचं, हे बारावीपासून चाललेलं. परदेशात उन्हाळी शिबिरांत विद्यार्थी तीन-चार आठवडे इंग्रजी शिकवायला जातात, राहणं-जेवण मिळतं, थोडे पैसेही मिळतात, एवढं मला कळलं होतं. मला जायचं होतं. गावाबाहेरच्या मुलांना मी शिकवू शकते का, हे मला बघायचं होतं.

त्या सात देशांच्या यादीनं पुढचे दोन महिने माझा पिच्छा सोडला नाही. जाहिरातींत ‘मातृभाषा इंग्रजी असलेले’ असं लिहिलेलं असायचं आणि त्याचा अर्थ पासपोर्ट त्या सातांपैकी एका देशाचा हवा, एवढाच. कोरियाचा शिक्षक-व्हिसा साधारण याच यादीवर चालतो आणि बाकीच्या कितीतरी ठिकाणच्या खासगी शिबिरांनी ती तशीच उचललेली दिसते. शिकवता येतं का, हा प्रश्न त्या अर्जांत खूप खाली, पाचव्या-सहाव्या रकान्यात होता. तिथपर्यंत मी पोचतच नव्हते.

मला याचं फार वाईट वाटलं आणि ते मी लपवत नाही. दहावीला माझी पहिली भाषा मराठी, दुसरी इंग्रजी, तिसरी कन्नड. घरात मराठी, बसस्टॉपवर आणि कचेरीत कन्नड, टीव्हीवर हिंदी, आणि इंग्रजी ही चौथी, जी एकेक शब्द पाठ करून मिळवली. आमच्या भागात पोर सहा-सात वर्षांचं होईपर्यंत तीन भाषांतल्या पाट्या वाचायला लागतं. भाषा कशी शिकायची हे ज्यांना जन्मापासून करावं लागतं, त्यांना भाषा शिकवायला अपात्र ठरवायचं, हे मला तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही.

मग मी देशागणिक नियम वाचायला बसले. यात महिना गेला, पण तो फुकट गेला नाही.

अमेरिकेच्या शिबिरांसाठी जे-१ व्हिसा असतो. वय किमान १८, जास्तीत जास्त चार महिने, आणि अमेरिकी परराष्ट्र खात्यानं मान्यता दिलेल्या प्रायोजक संस्थेमार्फतच जावं लागतं. तिथं भारतीयांना दार बंद नाही. पण काम मुख्यतः मुलांना सांभाळण्याचं आणि खेळ घेण्याचं. इंग्रजी शिकवण्याचं नव्हे. शिवाय संस्थेची फी, व्हिसाची फी, विमानाचं तिकीट हे सगळं आधी खिशातून. त्यात कर्नाटकाचा पत्ता म्हणजे अमेरिकी वकिलातीच्या हिशेबात चेन्नई. पुणे-मुंबई आम्हाला कितीही जवळ असोत.

युरोपचा शेंगेन व्हिसा १८० दिवसांत ९० दिवस राहू देतो. त्याला किमान ३०,००० युरोंचं संरक्षण देणारा प्रवास-आरोग्य विमा लागतो आणि बँकेतली शिल्लक दाखवावी लागते. आप्पांच्या सोसायटीच्या पासबुकावर ती शिल्लक नव्हती. तिकडच्या एका शिबिरानं मला घ्यायची तयारी दाखवली, पण वर लिहिलं, “पर्यटक म्हणून या, विमानतळावर शिकवण्याचं बोलू नका.” मी नाही म्हणून कळवलं. परक्या देशात खोटं सांगून शिरायचं आणि मग तिथल्या पोरांपुढं उभं राहायचं, हे मला जमणारं नव्हतं. थायलंडमध्ये तर बिनपगारी शिकवायलाही वर्क परमिट लागतं. तिथल्या सुट्ट्यांत इंग्रजीची शिबिरं पुष्कळ होतात आणि ‘फक्त स्वयंसेवा आहे, परमिट नको’ असं सांगणारेही पुष्कळ भेटतात.

असे एक भेटलेच, आणि तेही बेळगावातच. जिना चढून वर गेलं की काचेचं दार, भिंतीवर नकाशा. व्हिएतनामला पाठवतो म्हणाले. नोंदणीचे ३५,००० रुपये आधी. मी विचारलं, “शाळेचं नाव काय?” तर म्हणाले, “ते पैसे भरल्यावर.” विचारलं, “करार दाखवता का?” तर तोही पैसे भरल्यावर. आप्पा माझ्यासोबत आले होते. त्यांनी ऊस कारखान्याला घालण्यात आयुष्य काढलंय, वजनकाट्यापाशी उभं राहून आकडा स्वतः वाचल्याशिवाय ते चिठ्ठी घेत नाहीत. ते उठलेच. जिना उतरताना म्हणाले, “माल बघू न देता इसार मागणारा व्यापारी नव्हं.” माझ्या वर्गातल्या एका मैत्रिणीनं मात्र तिथं १५,००० भरले होते. तिचे पैसे आजवर परत आलेले नाहीत.

नेपाळ-कंबोडियातल्या अनाथालयांत ‘मुलांना इंग्रजी शिकवा’ म्हणून पैसे घेऊन बोलावणारेही होते. त्याबद्दल वाचलं तेव्हा अंगावर काटा आला. अशा अनाथालयांत ठेवलेल्या पुष्कळ मुलांचे आई-वडील हयात असतात. बाहेरचे पाहुणे आणि त्यांचा पैसा येत राहावा म्हणून मुलं घरापासून तोडली जातात, हे युनिसेफसह अनेक संस्थांनी सांगून ठेवलंय. ते मी यादीतून काढून टाकलं. पण त्या वाचनात नेपाळ डोक्यात राहिलं.

१९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे आपल्याला तिथं व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र पुरतं. जायला रेल्वे आणि बस. आणि तिथल्या डोंगराळ भागातल्या शाळांना असारात, म्हणजे आपल्या आषाढाच्या आसपास, ‘बर्खे बिदा’ असते, पावसाळी सुट्टी. नेमकी तेव्हाच माझी परीक्षा संपणार होती.

मी नेपाळमधल्या शाळांना आणि शिबिरं घेणाऱ्या गटांना थेट मेल पाठवायला लागले. पहिले १९ मेल एकाच साच्यातले होते, नेटवर दिसतात तसे : मला शिकवण्याची आवड आहे, मी मेहनती आहे, वगैरे. एकाचंही उत्तर आलं नाही. आमच्या इंग्रजीच्या मॅडमना दाखवलं. त्यांनी वाचून विचारलं, “यात तू कुठं आहेस गं? हे कुणीही लिहील.” मग मी बसून नवा मेल लिहिला. येळ्ळूरची आहे, मराठी माध्यमात शिकले, चार भाषांत वावरते, चार वर्षं देवळाच्या ओसरीवर २२ मुलांना शिकवलं. इंग्रजी मला शिकावी लागली, त्यामुळे मूल नेमकं कुठं अडतं ते मला आठवतं. खाली ओसरीवरच्या वर्गाचा तीन मिनिटांचा व्हिडिओ जोडला. फळा, पोरं आणि मागं देवळाची घंटा वाजतेय तसाच. दुसऱ्या खेपेला २२ मेल गेले. सहा उत्तरं आली. त्यातलं एक पाल्पा जिल्ह्यातल्या तानसेनजवळच्या शाळेचं होतं.

त्यांनी व्हिडिओ कॉलवर दहा मिनिटांचा नमुना पाठ मागितला. विषय : ‘डू’नं सुरू होणारे प्रश्न. साधनं काही नकोत.

हा ‘डू’ मला चांगलाच माहीत होता. आमच्या ओसरीवर प्रत्येक पोर ‘यू लाईक टी?’ इथपर्यंत येतं आणि थांबतं. मराठीत प्रश्न शेवटाला येतो : तुला चहा आवडतो का? कन्नडमध्येही शेवटालाच चिकटतो : निनगे चहा इष्टाना? म्हणून आमच्या पोरांची जीभ वाक्याच्या शेवटी प्रश्न शोधते आणि इंग्रजीनं तो आधीच सुरुवातीला ठेवलेला असतो. पण नेपाळी पोरांचं काय? टिळकवाडीत संध्याकाळी मोमोची गाडी लावणारा एक नेपाळी मुलगा आहे. त्याच्याकडं गेले, एक प्लेट घेतली आणि विचारलं, तुमच्यात हे कसं विचारतात? तो म्हणाला, “के तिमीलाई चिया मन पर्छ?” मी गाडीच्या कडेवरच वहीत लिहून घेतलं. ‘के’ पुढं!

पाठात मी तेच केलं. फळ्यावर नेपाळी वाक्य लिहिलं, ‘के’भोवती गोल काढला, खाली इंग्रजी वाक्य, ‘डू’भोवती गोल. “तुमचा के जिथं बसतो, तिथंच हा डू बसतो. तुम्हाला जागा आधीच माहीत आहे.” पलीकडं तिघं होते. दोघं शिक्षक आणि एक ताई, तीच शिबिराची संयोजक. त्या ताईंनी माझं वाक्य नेपाळीतून शेजारच्या सरांना पुन्हा सांगितलं आणि सर हसले. चार दिवसांनी होकार आला.

होकारानंतर मी मागितल्या त्या गोष्टी सगळ्या लेखी मागितल्या, कारण काचेच्या दारामागचा तो दिवस विसरले नव्हते. दिवस किती, तास किती, झोपायची खोली कुणासोबत, आजारी पडले तर काय, पैसे किती आणि कधी. उत्तर आलं : २० दिवस, रोज चार तास, ताईंच्या घरी त्यांच्या मुलीच्या खोलीत राहणं, दोन्ही वेळचं जेवण, शेवटी १२,००० नेपाळी रुपये मानधन. १०० भारतीय रुपयांचे १६० नेपाळी असा दर १९९३ पासून बांधलेला आहे, म्हणजे आपले ७,५०० रुपये. नगरपालिकेच्या ‘शिक्षा शाखे’चं, म्हणजे शिक्षण विभागाचं, परवानगीपत्र शाळेनंच काढलं आणि प्रत मला पाठवली. त्यांनी माझ्याकडून पोलिसांचं वर्तणुकीचं प्रमाणपत्र मागितलं आणि मॅडमशी फोनवर बोलून खात्री केली. हे मला आवडलं. मुलांपाशी कुणाला सोडायचं याची चौकशी न करणाऱ्या शिबिरात जाऊच नये.

एका जागी गाडी अडली. माझ्या जन्माच्या दाखल्यावर ‘बेलगाम’, आधारवर ‘बेलगावी’. ही दोन गावं आहेत का, असं ताईंनी विचारलं. १ नोव्हेंबर २०१४ ला सरकारनं नाव बदललं, गाव एकच, आणि आम्ही घरी बेळगाव म्हणतो, असं मी लिहून पाठवलं. हे पत्र मी आता कायम फाईलमध्ये ठेवते.

घरी आप्पा तयार झाले होते, आजी नव्हती. “एवढ्या लांब कशाला जाऊलीस गे? हितली साळा कमी हाय काय?” रोज हेच. शेवटी तिनंच पिशवीत कुंद्याचा डबा आणि मेतकूट घातलं.

बेळगाव ते पुणे, पुण्याहून गोरखपूर, तिथून बसनं सुनौली. सुनौलीला सीमा पायी ओलांडायची. कमानीपाशी मतदार कार्ड दाखवलं, पलीकडं पाऊल टाकलं आणि घड्याळ १५ मिनिटं पुढं सरकलं. तिथलं वर्ष विक्रम संवताचं, २०८१. मी सीमाभागातली. सीमा म्हणजे १९५६ पासूनचं भांडण, मोर्चे आणि कोर्टाच्या तारखा, हे ऐकत वाढलेली. इथं मात्र लोक भाजीची पिशवी घेऊन एका देशातून दुसऱ्या देशात जात होते. मी कडेला उभी राहून थोडा वेळ नुसती बघत बसले.

नोटांचं आधीच समजलं होतं म्हणून बरं : तेव्हा आपल्या १०० पेक्षा मोठ्या नोटा तिकडं चालत नव्हत्या. भैरहवा, बुटवल, मग घाट. सिद्धबाबापाशी वरून दगड येत होते, बस दोन तास थांबली. तानसेनला पोचले तेव्हा गच्च पाऊस होता आणि ताई छत्री घेऊन स्टँडवर उभ्या होत्या.

शिबिरात ३२ मुलं होती, नऊ ते तेरा वर्षांची. पहिल्या दिवशी मी फळ्यावर माझं गाव देवनागरीत लिहिलं, कारण लिपी तीच, मुलं वाचतील म्हणून. मुलांनी ‘ये’ वाचलं आणि थांबली. पुढचं अक्षर त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. नेपाळीत ळ नाही, आणि माझ्या गावात तर तो जोडाक्षरात! एक मुलगी म्हणाली, “मिस, यो के हो?” मी म्हणून दाखवलं. सगळा वर्ग जीभ मागं वळवायला लागला. येल्लुर, येड्डुर, येर्रुर. कुणालाच जमेना आणि सगळ्यांना जमवायचंच होतं.

दुसऱ्या दिवशी कळलं की त्यांचा ळ म्हणजे श आहे. नेपाळी बोलण्यात श आणि स एकच, स. ‘शी’ म्हणायला गेलं की ‘सी’, ‘फिश’चं ‘फिस’, ‘शिप’चं ‘सिप’. मला आजी आठवली, तिची ‘साळा’ आठवली. मी स्वतः पहिलीत ‘साळंत’ जात होते आणि बाईंनी महिनाभर माझ्याकडून श घोटून घेतला होता. तो कसा घोटून घेतला तेही आठवत होतं : झोपलेल्या बाळाजवळ आपण ‘शूऽऽ’ म्हणतो तो आवाज आधी काढायचा, ओठांचा चंबू करून, तळहात तोंडापुढं धरून. स म्हणताना हाताला बारीक, गार वारा लागतो. श म्हणताना ऊबदार आणि पसरलेला. ३२ मुलं तोंडापुढं हात धरून शूऽऽ करत बसली. बाहेर पाऊस. मग ‘शूऽऽ’ला ‘ई’ जोडायचा.

आम्ही सौदा केला. ज्याला श येईल त्याला मी ळ शिकवणार. चौथ्या दिवशी एक मुलगा आला. अकरा वर्षांचा, वर्गात शेवटच्या बाकावर बसायचा, बोलायचा नाही. व्हरांड्यात मला एकटीला गाठून त्यानं तोंडापुढं हात धरला आणि म्हणाला, “शी इज माय आमा.” पोरानं माझ्या हातात अख्खा श ठेवला होता. मग मी त्याला ळ दिला. दोन दिवसांत तो सबंध वर्गाला येळ्ळूर म्हणून दाखवत होता.

च आणि ज बाबतही असंच झालं. नेपाळी च आपल्या ‘चमच्या’तला, म्हणून ‘चेअर’ म्हणताना तो निघतो. मराठीत दोन्ही च आहेत, चमच्यातला आणि चिमणीतला, त्यामुळे दोघांतला फरक माझ्या जिभेला ठाऊक होता. ही गोष्ट मला सात देशांच्या यादीतल्या कुणी शिकवली नसती.

असार १५ म्हणजे २९ जून, शनिवार, तिथला साप्ताहिक सुट्टीचा दिवस. त्या दिवशी नेपाळभर भाताची रोपं लावतात आणि दही-चिउरा खातात. चिउरा म्हणजे आपले पोहेच. ताई सगळ्या मुलांना खालच्या शेतात घेऊन गेल्या. पाहुणी मिस काठावर बसून फोटो काढेल असं त्यांना वाटलं असावं. मी सलवार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि चिखलात उतरले. येळ्ळूरला आमच्याकडं पेरणीही होते आणि रोपलागणही. चिखलात मागं सरकत, तीन बोटांत दोन-तीन रोपं धरून अंगठ्यानं दाबायचं, हे मला लहानपणापासूनचं. शेजारच्या म्हाताऱ्या बायका माझ्या हाताकडं बघायला लागल्या. एकीनं माझी ओळ बघून मान डोलावली. त्या दिवशी इंग्रजीचा तास चिखलातच झाला : गिव्ह मी, टेक धिस, टू मोअर, पुश इट डाऊन. वर्गात कधी तोंड न उघडणाऱ्या मुली बांधावरून मला हुकूम सोडत होत्या. संध्याकाळी ताईंच्या घरी चुकौनी होती, दह्यातला बटाटा, आमच्या कोशिंबिरीची सख्खी बहीण.

२० दिवसांचा हिशेब सांगायचा तर जाण्या-येण्याचा, वाटेतल्या खाण्याचा खर्च साडेचार हजारांच्या आत राहिला. मानधन शेवटच्या दिवशी ठरल्याप्रमाणे हातात मिळालं. सोबत शाळेच्या शिक्क्याचं पत्र, त्यात तास, वर्ग आणि मी काय शिकवलं ते लिहिलेलं. ते मागून घ्यायचं, तेही निघायच्या आधी, आणि ‘उत्तम काम केलं’ एवढ्यावर भागवू द्यायचं नाही.

परत आल्यावर फेब्रुवारीत ताईंचा मेल आला : येत्या असारात दोन शिक्षिका हव्यात, तुझ्यासारख्या भाषा येणाऱ्या. मी बी.एड.ला आहे, जाता येणार नाही. खानापूरकडची एक मुलगी आहे, घरी मराठी, गल्लीत कोंकणी आणि कन्नड; तिचं नाव मी दिलं. तिच्याकडं फक्त आधार कार्ड होतं. तिच्या वयाला सीमेवर ते चालत नाही. मतदार कार्डाचा अर्ज आजच भर, असं तिला फोनवर सांगितलं, आणि एक ओळ मेलमध्येही टाकली : ‘श’चा तास पहिल्याच आठवड्यात घे, पावसाच्या दिवसात घे, मुलांना हाताला वारा नीट कळतो.